कविता कळली की नुसती पाठ झाली?

प्रश्न थोडक्यात असा: एक शिक्षिका माध्यमिक वर्गांना इंग्रजी कविता आणि नाट्यप्रवेश शिकवतात. 'मध्यवर्ती कल्पना लिहा', 'अलंकार ओळखा', 'पात्राचे स्वभावचित्र रेखाटा' अशा प्रश्नांना मुलं भरपूर गुण मिळवतात. पण न शिकवलेली सहा ओळींची कविता समोर ठेवली की तीच मुलं गप्प बसतात. मग आधीचे गुण कशाचे होते? प्रश्न कसे काढावेत, नाटकाचं मूल्यमापन कसं करावं, गुण देताना न्याय कसा राखावा आणि ज्यांचं इंग्रजीच कच्चं आहे त्यांचं काय करावं?

ते गुण तुमच्या तासाच्या आठवणीचे होते. तुम्ही अर्थ सांगितलात, मुलांनी तो वहीत उतरवला, परीक्षेत तुम्ही तोच परत मागितलात आणि त्यांनी तो इमानेइतबारे परत केला. व्यवहार चोख झाला, फक्त त्यात कविता कुठे आली नाही. मी २७ वर्षं शिकवते आणि पेपर तपासते. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं माझेही पेपर असेच असायचे, तेव्हा तुम्हाला बोल लावायचा मला काही अधिकार नाही.

आता प्रश्न काढताना मी एकच गोष्ट बघते: याचं उत्तर देताना मुलाला निवड करावी लागते का? दोन शब्दांतला एक, दोन अर्थांतला एक, रंगमंचावरच्या दोन जागांपैकी एक. आणि तो का निवडला, हे छापील ओळीवर बोट ठेवून सांगावं लागतं का? जिथे निवड करावी लागत नाही, तिथे पाठांतर पुरतं.

उदाहरणच घेऊ. विल्यम ब्लेकची 'द टायगर' ही १७९४ मधली कविता अनेक ठिकाणी शिकवली जाते. एकूण सहा कडवी. पहिलं आणि शेवटचं कडवं जवळपास एकच आहे. कोणत्या अमर हाताला किंवा डोळ्याला तुझी ही भयंकर, रेखीव आकृती घडवता आली, असं पहिल्या कडव्यात विचारलंय, तिथे शब्द आहे 'कुड'. शेवटच्या कडव्यात त्याच जागी 'डेअर' येतो. शब्दांत म्हणाल तर एवढाच फरक. 'कवितेचा विषय काय' असं विचारलं की तीस वह्यांमध्ये 'ईश्वराच्या निर्मितीचे गूढ' हे एकच उत्तर मिळतं आणि त्यातून कुणाला काय कळलं याचा पत्ता लागत नाही. म्हणून मी दोन्ही कडवी शेजारी-शेजारी छापते आणि विचारते: इथे एकच शब्द बदललाय. मधल्या चार कडव्यांत असं काय झालं, की आधीचा शब्द पुरेनासा झाला?

उत्तरं साधारण तीन जातीची येतात. पहिलं: "कुड म्हणजे क्षमता, डेअर म्हणजे धाडस. शब्द बदलून कवीने कवितेचे सौंदर्य वाढवले आहे." पहिलं वाक्य बरोबर आहे आणि दुसरं कुठल्याही कवितेला चिकटवता येतं. पाचपैकी दोन. दुसरं: "आधी बनवणाऱ्याच्या ताकदीबद्दल विचारलंय, शेवटी हिमतीबद्दल. मधे हातोडा, साखळी, भट्टी आलेत, म्हणजे हे काम धोक्याचं आहे." हे मूल कवितेत शिरलंय. चार. तिसरं उत्तर एका मुलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, स्पेलिंगच्या चुका वेगळ्याच. त्याचा मथितार्थ असा: कोकरू ज्याने बनवलं त्यानेच तुला बनवलं का, हे पाचव्या कडव्यात विचारून झाल्यावर प्रश्न ताकदीचा राहत नाही. बनवता येत होतं हे ठीक, पण बनवायला धजावला कसा? इथे बोलणारा वाघापेक्षा वाघ बनवणाऱ्याला जास्त घाबरलाय. हे माझ्या टिपणात नव्हतं आणि मी वर्गातही सांगितलं नव्हतं. तिला पाच दिले. तिच्या शेजारच्या मुलाचं इंग्रजी तिच्यापेक्षा सफाईदार होतं, तो दोनवर थांबला. घरून विचारणा झाली. दोन्ही उत्तरं समोर ठेवल्यावर पुढे काही बोलावं लागलं नाही.

शब्द बदलून बघण्याचा हा प्रकार कवितेच्या मूल्यमापनातलं सगळ्यात हुकमी हत्यार आहे. कधी कधी कवींनीच आपलं काम सोपं करून ठेवलेलं असतं. वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची कविता १८०७ मध्ये पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा त्या फुलांना 'डान्सिंग' हे विशेषण होतं. १८१५ मध्ये त्याने ते काढून 'गोल्डन' केलं. मुलांना दोन्ही रूपं द्या आणि विचारा, तुम्ही संपादक असता तर कोणता शब्द ठेवला असता? कुणी म्हणतं, नाच तर कवितेच्या प्रत्येक कडव्यात आहेच, मग विशेषणात तो पुन्हा कशाला? कुणी तिसऱ्या कडव्यातला 'वेल्थ' शब्द शोधून काढतं: पुढे संपत्ती म्हणायचंय, म्हणून आधी सोनं पेरून ठेवलंय. कुणी हट्टाने जुन्या शब्दाच्या बाजूने उभं राहतं, कारण शेवटी हृदय फुलांबरोबर नाचतं, तेव्हा सुरुवातही नाचानेच व्हायला हवी. तिघांनाही पूर्ण गुण. 'गोल्डन छान वाटतं कारण फुलं पिवळी असतात' या उत्तराला एक, तोही मूल उपाशी जाऊ नये म्हणून.

याच कवितेतून आणखी एक गोष्ट तपासता येते. कवितेतला 'मी' ढगासारखा एकटा भटकतोय. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ ला ही फुलं पाहिली तेव्हा वर्ड्सवर्थची बहीण डोरोथी बरोबर होती, तिच्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद आहे. एवढी माहिती देऊन विचारायचं: कवी खोटं बोलला का? आणि बहीण बरोबर आहे असं लिहिलं असतं, तर शेवटच्या कडव्याचं काय झालं असतं? कवी आणि कवितेतला बोलणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, हे ज्याला उमगलंय त्याचं उत्तर दुसऱ्या वाक्यातच वेगळं दिसायला लागतं. 'कवी म्हणतो की' या शब्दांनी प्रत्येक वाक्य सुरू करायची सवय आपणच लावलेली असते, ती सुटायला वेळ लागतो.

आता जरा खाली उतरू. एवढे खोल प्रश्न विचारण्याआधी साधा अर्थ लागलाय की नाही हे तपासलं पाहिजे, आणि इथे आपण फार गाफील असतो. समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या १३ कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लेखी मागवले. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९२९ मध्ये आलं. कविता वाचताना येणाऱ्या अडचणींची त्यांनी जी यादी केली, तिच्यात पहिलीच अडचण आहे साधा शब्दार्थ न लागणं. ही तिथली कॉलेजची, इंग्रजी मातृभाषा असलेली मुलं. मग आपल्या नववीतल्या मुलाला 'हू' म्हणजे कोण आणि 'इट' म्हणजे काय हे कळलं असेलच, असं आपण कशाच्या बळावर धरून चालतो? त्याच यादीत ठरीव प्रतिक्रियांचाही उल्लेख आहे: कवितेत रात्र दिसली की मृत्यू, पाऊस दिसला की दुःख, फूल दिसलं की सौंदर्य. दरवर्षी पेपर तपासताना मला ही यादी आठवते.

साधा अर्थ तपासायला लेखी प्रश्नाची गरजच नाही, मोठ्याने वाचायला लावा. ब्लेकच्याच कडव्यात 'हँड ऑर आय'पाशी ओळ संपते, पण क्रियापद पुढच्या ओळीत आहे. ज्या मुलाला वाक्य कळलंय ते तिथे श्वास घेतं आणि पुढे जातं. ज्याला कळलं नाही ते तिथे पूर्णविराम दिल्यासारखा आवाज खाली टाकतं आणि पुढची ओळ नव्याने सुरू करतं. एका मुलाला मिनिटभर लागतं. मी याला गुण देत नाही, हजेरीच्या वहीत बारीक खूण करते. उच्चारांकडे या वेळी मुळीच लक्ष द्यायचं नाही, नाहीतर मुलं उच्चारांच्या धास्तीने अर्थ सोडून देतात.

नमुना उत्तराबद्दल एक जुनी गोष्ट सांगते, माझ्याच चुकीची. रॉबर्ट फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन'. एका मुलाने लिहिलं होतं, "हा माणूस स्वतःला फसवतोय." माझ्या नमुना उत्तरात धैर्य, वेगळी वाट, स्वतंत्र विचार हे मुद्दे होते. मी पाचपैकी एक दिला आणि पुढच्या पेपरकडे वळले. दोन वर्षांनी तीच कविता पुन्हा शिकवायला घेतली आणि पहिल्यांदाच नीट वाचली: दोन्ही वाटा खरं तर सारख्याच मळलेल्या होत्या, असं त्या कवितेत स्वच्छ लिहिलंय. कमी मळलेली वाट मी घेतली, हे तो पुढे कधीतरी, खूप वर्षांनी, उसासा टाकत सांगणार आहे. म्हणजे त्या मुलाने कविता वाचली होती आणि मी नमुना उत्तर वाचलं होतं. तोवर तो शाळा सोडून गेला होता. तेव्हापासून मी नमुना उत्तर आधी लिहीत नाही. आधी दहा-बारा पेपर गुण न देता वाचते, काय काय आलंय ते बघते आणि मगच गुणांची वाटणी ठरवते. पहिल्याच पेपरवर लाल पेन टेकवायचा मोह आवरावा लागतो, बाकी काही अवघड नाही.

याचा अर्थ काहीही चालतं, असा होत नाही. 'प्रत्येकाचा अर्थ वेगळा असू शकतो' हे वाक्य मुलं ढालीसारखं वापरतात, आणि काही शिक्षकही. फ्रॉस्टच्या कवितेतला माणूस युद्धावर निघालाय असं कुणी लिहिलं तर मी शांतपणे विचारते, कुठल्या ओळीवरून? ओळ दाखवता आली नाही तर गुण नाहीत. नकाराचा अधिकार संहितेकडे, म्हणजे छापील ओळींकडे असतो, माझ्याकडे नाही, हे एकदा मुलांना पटलं की गुणांवरून होणारी निम्मी भांडणं मिटतात.

अलंकारांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नुसता अलंकार ओळखायला अर्धा गुण द्या, उरलेले गुण तो तिथे काय करतो याला. तेही जमत नसेल तर असा प्रश्नच टाकू नका. चेतनगुणोक्ती ओळखणारं मूल पक्षी ओळखणाऱ्या मुलासारखं असतं, पक्षी उडतो कसा हे त्याला माहीत असेलच असं नाही.

नाटकाकडे वळते, कारण घोळ खरा तिथेच आहे. आपण नाटक कादंबरीसारखं शिकवतो आणि कादंबरीसारखंच तपासतो. 'मॅकबेथचे स्वभावचित्र रेखाटा' म्हटलं की महत्त्वाकांक्षी, शूर, अंधश्रद्ध, पश्चात्तापी अशी विशेषणांची रांग लागते. पण नाटकातलं पात्र म्हणजे विशेषणांचं गाठोडं नव्हे. ते एका क्षणी, एका माणसासमोर, काहीतरी मिळवण्यासाठी बोलत असतं. म्हणून प्रश्न क्षणाबद्दल विचारायचा.

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकातला चौथा प्रवेश घ्या. दगाबाज निघालेल्या कॉडॉरच्या सरदाराला देहदंड झालाय. राजा डंकन म्हणतो, चेहऱ्यावरून मनाची घडण ओळखायची कला अस्तित्वात नाही. त्या गृहस्थावर मी संपूर्ण विश्वास टाकला होता. आणि नेमकी तिथेच रंगसूचना येते: मॅकबेथ प्रवेश करतो. कॉडॉरचा किताब आता त्याला मिळालाय आणि आधीच्याच प्रवेशात राजाच्या खुनाचा विचार त्याच्या मनात चमकून गेलेला प्रेक्षकांनी ऐकलाय. माझा प्रश्न असा असतो: मॅकबेथचा प्रवेश सहा ओळी उशिरा ठेवला तर काय हरवेल? प्रेक्षकांना काय माहीत आहे आणि राजाला काय माहीत नाही, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर लिहिताच येत नाही. 'नाट्यात्म उपरोधाची व्याख्या लिहा' हा प्रश्न मी आता सोडून दिलाय. ज्याला उपरोध कळला त्याने तो शब्द न वापरताही पूर्ण गुण मिळवलेत.

दुसरं उदाहरण शेक्सपिअरच्याच 'ज्यूलियस सीझर'मधल्या अँटनीच्या भाषणाचं. सीझरचा खून झालाय, मारेकऱ्यांत ब्रूटस आहे आणि सीझरचा मित्र अँटनी जमावापुढे बोलतोय. 'ब्रूटस इज ॲन ऑनरेबल मॅन' हे वाक्य त्यात पुन्हा पुन्हा येतं. बहुतेक मुलं लिहितात, अँटनी उपहासाने बोलतोय. बरोबर, पण कधीपासून? हा प्रश्न विचारला की वर्ग जागा होतो. पहिल्या वेळीच उपहासाने म्हटलं तर काय होईल? त्याआधी जमावातला एक नागरिक म्हणून गेलाय, की इथे ब्रूटसबद्दल वाईट न बोललेलं बरं. म्हणजे पहिल्या खेपेला अँटनीला ते वाक्य मनापासून म्हटल्यासारखं म्हणावंच लागतं, नाहीतर त्याला बोलूच देणार नाहीत. मग आवाज बदलतो कुठे? सीझरने तीनदा मुकुट नाकारला, या मुद्द्यापाशी? मृत्युपत्राचा विषय निघाल्यावर? यावर एकमत होत नाही, व्हायची गरजही नाही. मी प्रत्येकाला त्या वाक्याच्या सगळ्या जागा अधोरेखित करून समासात आवाजाची सूचना लिहायला लावते आणि कुठल्याही एका सूचनेचं कारण दोन वाक्यांत. त्याच प्रसंगात ब्रूटस गद्यात बोलतो आणि अँटनी पद्यात. हुशार वर्ग असेल तर तेवढं दाखवून गप्प बसावं.

या समासातल्या लिखाणालाच मी नाटकाचं मुख्य मूल्यमापन केलंय. रंगमंचामागे एक प्रॉम्प्टरची प्रत असते: कोण कुठून येतं, कुठे थांबतं, दिवे कधी, विराम किती, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. मुलांना वीस ओळींचा प्रवेश मोठ्या समासासह छापून द्यायचा आणि अशी प्रत तयार करायला सांगायची. सूचना कितीही चालतील, पण निदान चार सूचनांपुढे कारण हवं आणि कारणात संहितेतला शब्द हवा. डंकनच्या खुनानंतर मॅकबेथ आणि त्याची बायको एकमेकांशी एका-एका, दोन-दोन शब्दांत बोलतात: बोललात का, केव्हा, आत्ता, उतरत असताना? त्या जागी 'दोघेही घाबरले आहेत' असं लिहिणारा आणि 'कुणी एकमेकांकडे बघायचं नाही, दोघांचे कान दाराकडे. कारण जवळपास प्रत्येक वाक्य प्रश्न आहे आणि उत्तराची वाट कुणीच बघत नाही' असं लिहिणारा, यांच्यातलं अंतर मोजायला वेगळी फूटपट्टी लागत नाही.

प्रत्यक्ष सादरीकरणाला गुण द्यावेत का? थोडे, आणि सांभाळून. धीट, मोठ्या आवाजाचं मूल नाटक न समजताही टाळ्या घेऊन जातं आणि लाजरं मूल सगळं समजूनही भिंतीला टेकून उभं राहतं. आपण मोजतोय काय, अभिनय की समज? मी सादरीकरणानंतर प्रत्येकाला एक प्रश्न विचारते, "या वाक्याला तू थांबलास, का?" गुण त्या उत्तराला. ज्याला उभं राहायचं नाही तो त्याच प्रवेशाची प्रॉम्प्टरची प्रत देतो, गुण तेवढेच. गटातल्या सगळ्यांना सारखेच गुण देण्याची पद्धत मात्र बंद करा, त्यात काम करणारा एक आणि गुण मिळवणारे पाच असतात.

गुणदानाच्या न्यायाबद्दल तुम्ही विचारलंय. ही दुखरी नस जुनी आहे. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या संशोधकांनी इंग्रजीचे दोन पेपर अनेक शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवले. एकाच पेपरला शंभरपैकी मिळालेल्या गुणांत तीसहून अधिक गुणांची तफावत निघाली. आपण आज त्याहून फार वेगळे आहोत, असं मला वाटत नाही. गुणदानाच्या तक्त्याने थोडी मदत होते. माझा तक्ता चार ओळींचा आहे: साधा अर्थ लागला का, ओळ दाखवली का, त्या ओळीतला शब्द काय करतो ते सांगितलं का, आणि उत्तर स्वतःचं आहे का. पण तक्ता मोठा केला की मुलं तक्त्यालाच उत्तर लिहायला लागतात. मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण हा साचा मी दोन वर्षं मोठ्या हौसेने शिकवला. तिसऱ्या वर्षी सगळे पेपर एकाच माणसाने लिहिल्यासारखे दिसायला लागले, तेव्हा थांबवला. आता फक्त ज्यांना सुरुवातच करता येत नाही त्यांना तो देते आणि महिन्याभराने काढून घेते.

तक्त्यापेक्षा मला तुलना जास्त भरवशाची वाटते. एका उत्तराला आकडा देणं माणसाला जड जातं, दोन उत्तरांपैकी कोणतं सरस हे सांगणं सोपं जातं. एल. एल. थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये या कल्पनेला गणिती बैठक दिली आणि आज निबंध तपासायला तिचा वापर होतो. आपल्याला गणितात शिरायचं कारण नाही. सहकारी शिक्षकासोबत बसून वीस उत्तरं जोडी-जोडीने वाचा, चढत्या क्रमाने लावा, मग त्या रांगेत पाच, चार, तीन कुठे बसतात ते ठरवा. तासाभराचं काम आहे. दोघांचं जिथे जमणार नाही, ती उत्तरं बाजूला काढा. बहुतेक वेळा त्यात चूक मुलाची नसते, प्रश्न संदिग्ध असतो.

आणि वर्गातल्या छोट्या कामांवर आकडा घालूच नका. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात ज्या मुलांना फक्त शेरा मिळाला ती सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली सुधारली नाहीत. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? शेराही 'छान', 'अजून स्पष्ट लिहा' असा नको. 'तू ज्या शब्दावर बोट ठेवलंस त्याच्या पुढचा शब्द बघ' असा हवा, म्हणजे मुलाला वही पुन्हा उघडावी लागते.

राहता राहिली कच्च्या इंग्रजीची मुलं. इथे माझं मत ठाम आहे आणि काही सहकाऱ्यांना ते मुळीच आवडत नाही. कवितेची समज तपासायची असेल तर वर्गातल्या चाचणीत मुलाला मातृभाषेत उत्तर लिहू द्या, अट एकच: कवितेतला शब्द किंवा ओळ मूळ इंग्रजीत उद्धृत करायची. "'डेअर' म्हणजे इथे हिंमत नाही, आगाऊपणा आहे" असं मराठीत लिहिणारं मूल इंग्रजी कविताच वाचत असतं. इंग्रजीत लिहिता येतं का, हे तपासायला निबंध, पत्र, संवाद असे बाकीचे प्रश्न आहेतच. जिथे इंग्रजीत लिहिणं बंधनकारक आहे तिथे पेपरच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहा, एक समजेचा आणि एक भाषेचा, आणि बेरीज शेवटी करा. एकच आकडा दिलात की व्याकरणाची चूक गुपचूप समजेचा गुण खाऊन टाकते आणि तुमचं तुम्हालाही कळत नाही. मी माझेच जुने पेपर या पद्धतीने पुन्हा तपासून पाहिले होते, तेव्हा वर्गातला क्रम चांगलाच हलला.

मोबाइलवर कुठल्याही कवितेचं तयार उत्तर मिळतं, त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. ज्या प्रश्नातून समज तपासायची आहे तो घरी द्यायचाच नाही. वर्गात, कविता समोर ठेवून, पंधरा मिनिटं आणि अर्धं पान. कविता समोर असू द्यायला भिऊ नका. 'पुस्तक उघडं ठेवून परीक्षा म्हणजे फुकटचे गुण' असं ज्यांना वाटतं, त्यांच्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात आयती लिहिलेली असतात, एवढाच त्याचा अर्थ.

वार्षिक पेपरचा आराखडा तुमच्या हातात नसेल, बहुतेकांच्या नसतोच. तरी घटक चाचणी तुमची असते. तिच्यातला एकच प्रश्न बदलून बघा. 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला कोर्टाचा प्रवेश शिकवत असाल तर सावकार शायलॉकचं स्वभावचित्र या खेपेला राहू द्या. खटला हरल्यावर 'आय ॲम नॉट वेल' म्हणून तो निघून जातो आणि त्यानंतरच्या अख्ख्या पाचव्या अंकात तो पुन्हा दिसत नाही. विचारा: तुम्ही दिग्दर्शक असाल तर तो दारापर्यंत कसा जाईल, आणि तो जात असताना कोर्टातली बाकीची माणसं काय करत असतील? कारणासाठी याच प्रवेशातल्या दोन ओळी द्या. गुण चार. पहिल्या वेळी निम्मा वर्ग 'तो दुःखी होऊन जाईल' एवढंच लिहील. ते पेपर तपासून परत देऊ नका. चार वेगळ्या चाली चार मुलांना वर्गात चालून दाखवायला सांगा, कुठली चाल कुठल्या ओळीशी जुळते ते बाकीच्यांना ठरवू द्या आणि तोच प्रश्न पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहायला द्या. गुण दुसऱ्या उत्तराचे धरा.